शहर पाहायला शिकू या

(आपण शहरात राहतो, पण शहर पाहतोच असे नाही. रोजच्या घाईत सुंदर इमारतीही नजरेआड होतात. इमारतींकडे कसे पाहावे, त्यांची छायाचित्रे कशी घ्यावीत आणि त्यांतून चित्रकलेची, नक्षीची प्रेरणा कशी मिळते, हे एका शिक्षकाने या पाठात स्वतःच्या अनुभवातून सांगितले आहे.)

मुलांनो, एक साधा प्रश्न विचारतो. तुम्ही ज्या इमारतीत राहता, तिच्या रस्त्याकडच्या बाजूला किती खिडक्या आहेत? डोळे मिटा आणि सांगा.

हाच प्रश्न मी एकदा माझ्या नववीच्या वर्गात विचारला. कोणी 'बारा' म्हणाले, कोणी 'वीस'. एक मुलगा म्हणाला, "सर, मोजल्या नाहीत, पण आमची खिडकी तिसरी आहे." सारा वर्ग हसला. मीही हसलो. मात्र घरी जाताना मला जाणवले, की मलासुद्धा माझ्या इमारतीच्या खिडक्या सांगता आल्या नसत्या.

पाहणे आणि दिसणे यांत फरक आहे. दिसते ते आपोआप. पाहण्यासाठी थांबावे लागते. हा फरक मला फार उशिरा कळला. कसा कळला, ते आधी सांगतो.

आमचे दादाजान भेंडीबाजाराजवळच्या एका जुन्या चाळीत राहत. इमारत तीन मजल्यांची होती. लाकडी जिना चढताना करकरत असे. प्रत्येक मजल्यावर लांब गॅलरी आणि तिला लाकडी कठडा होता. त्या कठड्यावर कोणा अनाम सुताराने वेलबुट्टी कोरली होती. आम्ही मुले ईदच्या दिवशी त्या कठड्याला टेकून रस्त्यावरची गर्दी पाहत असू. पुढे इमारत मोडकळीस आली. भाडेकरूंना दुसरीकडे हलवले आणि इमारत पाडली गेली. तेथे आता उंच इमारत आहे. तिच्यात लिफ्ट आहे, नळाला पाणी आहे. जुन्या चाळीत पावसाळ्यात छत गळत असे. त्यामुळे ती पाडली याबद्दल माझी तक्रार नाही.

पण एके दिवशी दादाजानांनी मला विचारले, "बेटा, आपल्या त्या कठड्याचा एखादा फोटो आहे का?" मी घरातले सारे अल्बम काढले. फोटो खूप होते. वाढदिवसाचे होते, हजला जाणाऱ्यांना निरोप देतानाचे होते. पण सगळे माणसांचे. शेवटी माझ्या चुलतबहिणीच्या निकाहचा एक फोटो सापडला. पाहुण्यांच्या गर्दीमागे त्यात कठड्याचा चार बोटे रुंद तुकडा दिसत होता. दादाजान त्या तुकड्यावर बोट ठेवून बराच वेळ बसून राहिले. काही बोलले नाहीत.

त्या दिवसापासून मी इमारतींचे फोटो घेऊ लागलो आणि माझ्या विद्यार्थ्यांनाही सांगू लागलो, की जे उभे आहे, ते उभे आहे तोवर पाहून घ्या.

डिसेंबर महिन्यातल्या एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही बारा जण बोरीबंदरला गेलो. समोर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस उभे होते. या स्थानकाचे काम १८७८ साली सुरू झाले आणि सुमारे दहा वर्षांनी, १८८८ साली पूर्ण झाले. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स हे त्याचे वास्तुशिल्पकार. पूर्वी त्याला व्हिक्टोरिया टर्मिनस म्हणत. १९९६ साली त्याचे नाव छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले आणि २०१७ साली त्यात 'महाराज' हा शब्द जोडला गेला. २००४ साली युनेस्कोने या वास्तूचा जागतिक वारसा स्थळांच्या यादीत समावेश केला.

मुलांनी लगेच खिशातून मोबाईल काढले. मी म्हणालो, "थांबा. पंधरा मिनिटे एकही फोटो नको. फक्त पाहा. ज्याला जे दिसेल, ते त्याने सांगावे."

सुरुवातीला मुले कंटाळली. मग हळूहळू एकेकाला काहीतरी दिसू लागले. एकाला प्रवेशद्वाराच्या खांबांवरचा सिंह दिसला, दुसऱ्याला वाघ. सिंह हे ब्रिटनचे आणि वाघ हे भारताचे प्रतीक आहे. एकाची नजर थेट घुमटाच्या टोकाला गेली. तेथे एका स्त्रीचा पुतळा आहे. तिच्या एका हातात मशाल आणि दुसऱ्या हातात चाक आहे. ती 'प्रगती'ची मूर्ती आहे. रेल्वे म्हणजे प्रगती, अशी त्या काळातली समजूत त्या मूर्तीतून दिसते.

मग एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, घड्याळाखाली एक कोनाडा आहे. तो रिकामा का?" किती चांगला प्रश्न! त्या कोनाड्यात एकेकाळी राणी व्हिक्टोरियाचा पुतळा होता. राज्य गेले, पुतळा गेला, कोनाडा मात्र राहिला. या इमारतीसमोरून रोज लाखो लोक जातात. त्यांतल्या किती जणांना तो रिकामा कोनाडा दिसला असेल?

या स्थानकाच्या भिंतींवर पाने, फुले, पक्षी आणि प्राणी कोरलेले आहेत. त्यांतले बरेचसे काम आपल्या जे. जे. कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी केले. ही कलाशाळा १८५७ साली सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून सुरू झाली. म्हणजे इमारतीचा आराखडा इंग्रज माणसाचा असला, तरी दगडातली पाने-फुले इथल्या हातांनी फुलवली आहेत.

रस्त्याच्या पलीकडे पाहिले, तर अंजुमन-ए-इस्लामची देखणी इमारत दिसते. बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७४ साली ही शिक्षणसंस्था स्थापन केली. तिची ही इमारत १८९३ सालची. तिचे घुमट आणि कमानी पाहून मुलांना मोठा आनंद झाला. समोर इंग्रजांचे रेल्वेस्थानक, इकडे मुलांची शाळा. आणि घुमट दोघांनाही आहेत!

घुमट हा शब्द निघाला, तेव्हा मी मुलांना आणखी एक गंमत सांगितली. मराठीतला 'घुमट' म्हणजे तुमचा 'गुंबद'. 'कमान' तर तुम्हांला ठाऊकच आहे. फारसीत कमान म्हणजे धनुष्य. दरवाजावरचा दगडी बाक धनुष्यासारखा वाकलेला असतो, म्हणून ती कमान. 'मजला' म्हणजे 'मंझिल', 'जिना' म्हणजे 'झीना', 'बुरूज' म्हणजे 'बुर्ज' आणि 'हौद' म्हणजे 'हौज'. खिडकीच्या काचेला मराठीत 'तावदान' म्हणतात. तो शब्दही फारसीतल्या 'ताबदान' या शब्दावरून आला. 'इमारत' आणि 'दरवाजा' यांत तर काही बदलावेच लागत नाही. मराठी माणसाचे घर आणि उर्दू बोलणाऱ्याचे घर, दोन्ही कितीतरी शब्दांच्या एकाच विटांनी बांधलेली आहेत.

पंधरा मिनिटे झाली. आता फोटोंची पाळी आली.

पहिला धडा उजेडाचा. फोटो म्हणजे उजेडाने काढलेले चित्र. भर दुपारी ऊन डोक्यावर असते. तेव्हा सावल्या आखूड पडतात आणि भिंत सपाट दिसते. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरपे येते. मग कोरीव पानाच्या प्रत्येक कडेला बारीक सावली पडते आणि पान दगडातून वर उचलल्यासारखे दिसते. म्हणून इमारतीचे तोंड कोणत्या दिशेला आहे, हे आधी पाहावे. या स्थानकाची दर्शनी बाजू पश्चिमेकडे आहे. तिच्यावर दुपारनंतर ऊन येते. म्हणूनच मी मुलांना दुपारी नेले होते. याउलट, गेट वे ऑफ इंडियाचे तोंड पूर्वेला समुद्राकडे आहे. त्याच्या समुद्राकडच्या बाजूचे सौंदर्य पाहायचे, तर फजरनंतर फार वेळ न घालवता तेथे पोहोचावे.

दुसरा धडा सरळ रेषेचा. उंच इमारत फोटोत मावत नाही, म्हणून आपण फोन वर झुकवतो. मग इमारत मागे कलंडल्यासारखी दिसते. रेल्वेचे रूळ दूर जाताना एकमेकांजवळ येतात असे दिसते ना? तसेच इमारतीच्या उभ्या रेषा वर जाताना जवळ येतात. उपाय सोपा आहे. मागे जावे, फोन भिंतीसारखा सरळ उभा धरावा. खाली जास्तीचा रस्ता आला, तर तो नंतर कापून टाकावा. कधी कधी मुद्दाम फोन झुकवूनही छान फोटो मिळतो. पण तो मुद्दाम असावा, चुकून नसावा.

तिसरा धडा मापाचा. नुसत्या खांबाच्या फोटोवरून तो किती उंच आहे, हे कळत नाही. खांबाशेजारी एखादा हमाल टोपली घेऊन उभा असला, की लगेच कळते. माणूस ही इमारतीची मोजपट्टी आहे.

चौथा धडा निवडीचा. सगळे एकाच फोटोत कोंबू नये. एक खिडकी घ्यावी, एक जाळी घ्यावी, एकापाठोपाठ येणाऱ्या कमानींची रांग घ्यावी. शेरात दोनच ओळी असतात, पण त्या पुरतात. तसेच हे आहे.

माझ्या एका विद्यार्थ्याकडे मोबाईल नव्हता. तो जरा बाजूला उभा होता. मी त्याला माझा फोन देऊ केला, तर म्हणाला, "नको सर, मी वहीत काढतो." त्याने पायरीवर बसून एका खिडकीच्या जाळीचे चित्र पेन्सिलीने काढले. बाकीच्यांनी त्या दिवशी शेकडो फोटो काढले. पण ती जाळी पूर्ण पाहिली ती बहुधा एकट्या त्यानेच. कारण चित्र काढणाऱ्याला प्रत्येक रेषेशी थांबावेच लागते.

तेथून आम्ही चालत ओव्हल मैदानावर गेलो. हे मैदान म्हणजे वास्तुकलेचे उघडे पुस्तक आहे. पूर्वेला एकोणिसाव्या शतकातल्या दगडी इमारती आहेत. त्यांत उच्च न्यायालय आहे, मुंबई विद्यापीठ आहे आणि राजाबाई टॉवर आहे. पश्चिमेला १९३० नंतरच्या काळातल्या 'आर्ट डेको' पद्धतीच्या इमारती आहेत. एका बाजूला टोकदार कमानी, कोरीव खांब आणि उंच मनोरे. दुसऱ्या बाजूला गोलाकार गॅलऱ्या, आडव्या रेषा आणि खिडक्यांवर भुवईसारखे छज्जे. मधे क्रिकेट खेळणारी मुले. दोन शतके समोरासमोर उभी राहून जणू सामना पाहत असतात. या परिसरातल्या ९४ इमारतींच्या समूहाला २०१८ साली युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला.

संध्याकाळी मावळतीचे ऊन राजाबाई टॉवरवर पडले आणि कुर्ल्याचा पिवळसर दगड सोन्यासारखा झाला. हा मनोरा १८७८ साली पूर्ण झाला. व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी त्यासाठी दोन लाख रुपये दिले आणि आपल्या आईचे नाव त्याला दिले. असे सांगतात, की त्यांच्या आईला दिसत नसे. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा तिचा धर्मनियम होता. घड्याळाच्या टोल्यांवरून तिला वेळ कळत असे. मनोऱ्यावर पश्चिम भारतातल्या वेगवेगळ्या जातीजमातींच्या माणसांचे पुतळे आहेत. ज्यांचे हे शहर, त्यांना कारागिरांनी वर उंचावर जागा दिली आहे.

आता तुम्ही विचाराल, फोटो काढले, पुढे काय? पुढे खरी मजा आहे. एक कला दुसऱ्या कलेला जन्म देते.

जॉर्ज विटेट या वास्तुशिल्पकाराचे उदाहरण घ्या. गेट वे ऑफ इंडिया त्यांनीच उभारले. १९२४ साली ते खुले झाले. त्यासाठी त्यांनी गुजरातमधील सोळाव्या शतकातल्या इमारतींचा अभ्यास केला. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयाचा घुमट करताना त्यांच्या डोळ्यांसमोर विजापूरचा गोलघुमट होता. गोलघुमट म्हणजे मुहम्मद आदिलशहाची कबर. तिचे काम १६५६ साली पूर्ण झाले. अडीचशेहून अधिक वर्षांनी तिने मुंबईतल्या एका इमारतीला रूप दिले. ही नक्कल नव्हे. नक्कल करणारा जसेच्या तसे उचलतो. प्रेरणा घेणारा आधी समजून घेतो आणि मग आपले काहीतरी घडवतो.

१९४० नंतरच्या काळात सय्यद हैदर रझा नावाचा तरुण मध्य प्रदेशातून मुंबईला आला. पोटासाठी नोकरी करत तो जे. जे. मध्ये शिकला. या शहराचे रस्ते आणि इमारती त्याने जलरंगात रंगवल्या. पुढे रझा जगप्रसिद्ध चित्रकार झाले. सुधीर पटवर्धन हे व्यवसायाने डॉक्टर. त्यांनी मुंबई-ठाण्याची साधी माणसे, लोकल गाड्या आणि वस्त्या आपल्या चित्रांत आणल्या. त्यांचे 'इराणी रेस्टॉरंट' हे १९७७ सालचे चित्र प्रसिद्ध आहे. चित्राचा विषय शोधायला त्यांना हिमालयात जावे लागले नाही.

आमच्या वर्गातही असेच घडले. वहीतली ती जाळी एका विद्यार्थिनीने पाहिली आणि ईदच्या आदल्या रात्री बहिणीच्या तळहातावर मेंदीने काढली. दगडातली नक्षी वहीत आली, वहीतून हातावर गेली. यालाच परंपरा म्हणतात.

मात्र फोटो काढताना काही पथ्ये पाळायला हवीत. जेथे मनाई असेल, तेथे फोटो काढू नये. फोटोच्या नादात रस्त्याच्या किंवा रुळांच्या मधे कधीही उभे राहू नये. नमाज किंवा पूजा चालू असेल, तर फोन खिशात ठेवावा. आणि कोणाच्या घराचा फोटो घेताना विचारावे. हे शेवटचे पथ्य मी स्वतः चुकून शिकलो.

आमच्या शाळेमागच्या गल्लीत एक जुनी चाळ आहे. ती लवकरच पाडणार असल्याचे कळले, तेव्हा मी मुलांना घेऊन गेलो. मुले भराभर फोटो काढू लागली. इतक्यात वरच्या गॅलरीतून एक वृद्ध खाला रागाने म्हणाल्या, "आमच्या घरात काय तमाशा आहे? आमच्या सुना-मुली गॅलरीत कपडे वाळत घालतात आणि तुम्ही फोटो काढता?" त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते. मी वर जाऊन माफी मागितली. मुलांना सारे फोटो पुसायला लावले. मग खालांना दादाजानांच्या कठड्याची गोष्ट सांगितली.

खाला थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "उद्या असरनंतर या. मी सगळ्यांना सांगून ठेवते."

दुसऱ्या दिवशी गॅलऱ्यांमधले कपडे आत घेतलेले होते. खालांनी स्वतः आम्हांला इमारत दाखवली. जिन्याची सर्वांत झिजलेली पायरी दाखवली. दरवाजाच्या चौकटीवर मुलांची उंची मोजून केलेल्या खुणा दाखवल्या. तेथे कोरीव नक्षी नव्हती, घुमट नव्हता. कोणत्याही पुस्तकात त्या चाळीचे नाव येणार नाही. पण मुलांनी त्या दिवशी काढलेले फोटो बोरीबंदरच्या फोटोंपेक्षा चांगले आले. कारण आता त्यांना पाहायला येत होते.

फोटो छापून आम्ही खालांना नेऊन दिले. चौकटीवरच्या खुणांचा फोटो त्यांनी वेगळा काढून कुराणशरीफच्या रिहलशेजारच्या कपाटात ठेवला.

मुलांनो, मोठी इमारत जपायला सरकार आहे, युनेस्को आहे. तुमच्या घराची चौकट जपायला मात्र फक्त तुम्हीच आहात. आज शाळेतून घरी जाताना आपल्या दारासमोर क्षणभर थांबा. वर पाहा. आणि खिडक्या मोजा.

शब्दार्थ

नजरेआड होणे – न दिसणे, दुर्लक्ष होणे
अनाम – ज्याचे नाव माहीत नाही असा
वेलबुट्टी – वेली व फुलांची नक्षी
मोडकळीस येणे – पडायला येणे
कोनाडा – भिंतीतली वस्तू ठेवण्याची पोकळ जागा, ताक
दर्शनी बाजू – समोरून दिसणारी बाजू
कलंडणे – एका बाजूला झुकणे
छज्जा – खिडकीवरचे पुढे आलेले छोटे छप्पर
पथ्य – पाळायचा नियम

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) दादाजानांना कशाचा फोटो हवा होता?
(आ) घड्याळाखालच्या कोनाड्यात पूर्वी काय होते?
(इ) खिडकीच्या काचेला मराठीत काय म्हणतात?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) सकाळी किंवा संध्याकाळी कोरीव काम अधिक उठून का दिसते?
(आ) नक्कल आणि प्रेरणा यांत लेखकाने कोणता फरक सांगितला आहे?
(इ) खाला का रागावल्या? नंतर त्यांचे मन कसे बदलले?

३. पाठात आलेले, उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत सापडणारे पाच शब्द लिहा. असे आणखी पाच शब्द घरातील मोठ्यांना विचारून लिहा.

४. वाक्यांत उपयोग करा: नजरेआड होणे, मोडकळीस येणे.

५. उपक्रम: तुमच्या मोहल्ल्यातील एका जुन्या इमारतीचे, परवानगी घेऊन, छायाचित्र किंवा चित्र काढा. तेथे राहणाऱ्या वडीलधाऱ्या व्यक्तीशी बोला आणि त्या इमारतीविषयी दहा ओळी मराठीत लिहा.